छेदात कोण? : लोकसंख्या-विश्लेषणाच्या प्रगत पद्धतींची प्रस्तावना

नाशिकजवळच्या देवळाली कॅम्पचा मृत्युदर काढायचा आहे असं समजा. वर्षभरात नोंदले गेलेले मृत्यू वर, लोकसंख्या खाली, भागाकाराला हजाराने गुणायचं. सातवीतला मुलगाही पाच मिनिटांत उत्तर काढून देईल. ते उत्तर नेमकं कुणाचं, हे मात्र त्याला सांगता येणार नाही, आणि त्याच्या गुरुजींनाही नाही. कॅन्टोन्मेंटच्या हद्दीत एकीकडे तोफखान्याच्या बराकी आहेत. तिथे विशी-पंचविशीतले, वैद्यकीय तपासणीतून पार पडलेले तरुण, बरेचसे घरच्यांना दूरच्या राज्यांत ठेवून आलेले. दुसरीकडे लाम रोडच्या बाजूचे बंगले आणि सॅनिटोरियम. मुंबईच्या दमट हवेला कंटाळलेली पारशी आणि गुजराती कुटुंबं कोरड्या हवेसाठी इथे पिढ्यान्‌पिढ्या येत आली. कुणी दुखण्यातून उठायला, कुणी म्हातारपण काढायला. शिवाय फाळणीनंतर आलेली सिंधी घरं, बाजारातले व्यापारी, आसपासच्या मळ्यांतली मराठी कुटुंबं. २०११ च्या जनगणनेत या सगळ्यांची बेरीज पन्नास हजारांहून थोडी वर भरली आणि एकाच ओळीत छापली गेली.

आता अंशाकडे बघा. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यानुसार मृत्यू जिथे घडला तिथेच नोंदवायचा असतो. हवापालटासाठी आलेले मुंबईचे आजोबा इथे गेले, तर ते देवळालीच्या अंशात येतात, पण छेदात ते मुंबईतच असतात. उलट कॅम्पातल्या एखाद्या आजींना शेवटच्या दुखण्यात नाशिकच्या मोठ्या दवाखान्यात हलवलं, तर त्या देवळालीच्या छेदात राहतात आणि नाशिकच्या अंशात जातात. जन्मदराचीही तीच गत. पुरुषांची संख्या बराकींमुळे फुगलेली, त्यामुळे दर हजार लोकसंख्येमागे जन्म कमी दिसणार. त्यावरून इथल्या बायकांना मुलं कमी होतात असं कुणी म्हणालं, तर ते बराकीतल्या जवानांनाही संभाव्य माता धरण्यासारखं आहे.

या पुस्तकाचा सगळा विषय इथे येतो. लोकसंख्येच्या ‘प्रगत’ पद्धती म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे संगणक, लांबलचक समीकरणं आणि बेझच्या नावाने चालणारं संख्याशास्त्र येतं. ते आहेच. पण माझ्या मते या शास्त्रात पद्धत प्रगत ठरते ती तिच्यातल्या गणिताच्या अवघडपणावर नव्हे. वर मोजलेली माणसं खालच्या माणसांतलीच आहेत का, हा संशय तिने किती कसून घेतला यावर ती ठरते. गेल्या साडेतीनशे वर्षांतल्या बहुतेक महत्त्वाच्या कल्पना या एका संशयातून निघाल्या आहेत.

एक छोटा हिशेब इथेच करून टाकू. आकडे मनाचे आहेत, पण चाल खरी आहे. दोन वस्त्या, दोन्हींत १०,००० माणसं. पहिली बराकींची. साठीच्या आतले ९,०००, त्यांच्यात हजारी ३ मृत्यू, म्हणजे २७. साठीपुढचे १,०००, त्यांच्यात हजारी ४०, म्हणजे ४०. एकूण ६७, दर हजारी ६.७. दुसरी वस्ती निवृत्तांची. साठीच्या आतले ७,५००, हजारी २ प्रमाणे १५ मृत्यू. साठीपुढचे २,५००, हजारी ३२ प्रमाणे ८०. एकूण ९५, दर हजारी ९.५. दोन्ही वयोगटांत दुसऱ्या वस्तीचे लोक कमी मरतात, तरी ढोबळ दर तिचाच जास्त. आता दुसऱ्या वस्तीला पहिलीची वयरचना देऊन बघा : ९,००० वर १८ आणि १,००० वर ३२, मिळून ५०, म्हणजे हजारी ५. चित्र उलटलं. याला प्रमाणीकरण म्हणतात. आरोग्य खात्याच्या कागदांत दोन जिल्हे किंवा दोन तालुके शेजारी ठेवून जे निष्कर्ष काढले जातात, त्यांतले किती या साध्या कसोटीला टिकतील हे वाचकाने पुस्तक संपल्यावर स्वतःच तपासावं.

लंडनमधल्या मृत्यूंच्या साप्ताहिक याद्या वाचून जॉन ग्रॉन्टने १६६२ मध्ये या शास्त्राची सुरुवात केली, असं सगळी पाठ्यपुस्तकं सांगतात. मला त्याच्यापेक्षा एडमंड हॅली जास्त जवळचा वाटतो, तोच धूमकेतूवाला. १६९३ मध्ये त्याने आयुर्मानाची सारणी मांडली ती लंडनच्या आकड्यांवर नव्हे, तर ब्रेस्लाउ नावाच्या शहराच्या. कारण त्याने सरळ लिहून ठेवलंय : लंडनमध्ये बाहेरून आलेले फार, मरणारे सगळे तिथे जन्मलेले नसतात, तेव्हा तिथल्या मृत्यूंवरून जगण्याचा हिशेब मांडता येत नाही. देवळालीच्या सॅनिटोरियमचा प्रश्न त्याला तेव्हाच पडला होता. फक्त त्याने तो सोडवला नाही, आकडेवारीसाठी दुसरं गाव निवडलं.

जीवनसारणी हा या शास्त्राचा कणा. एकाच वेळी जन्मलेली एक लाख बाळं कल्पायची, प्रत्येक वयाला आजचा मृत्युदर लावत जायचं आणि त्यांनी एकूण किती वर्षं जगून काढली ते मोजायचं. तिच्यातून निघणाऱ्या ‘अपेक्षित आयुर्मान’ या आकड्याइतका गैरवापर दुसऱ्या कुठल्या आकड्याचा झाला नसेल. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला भारतात तो पंचविशीच्याही खाली होता, यावरून ‘तेव्हा माणसं पंचविशीत म्हातारी होऊन मरत’ असं भाषणात ठोकून देणारे भेटतात. मरत होती ती मुख्यतः मुलं. पाच वर्षांचा टप्पा ओलांडलेल्याला बरंच पुढे जगण्याची आशा होती. २०१६-२० च्या सारणीत देशाचं आयुर्मान ७०.० वर पोचलं, त्यात बालमृत्यू घटल्याचा वाटा फार मोठा आहे. महाराष्ट्राचा अर्भक मृत्युदर २०२० मध्ये हजारी १६ होता.

आपल्या मुलखात मोजणीची परंपरा इंग्रजांआधीची आहे. पेशवाईच्या दप्तरात खानेसुमारीचे कागद सापडतात, त्यांत घरं, माणसं, गुरं आहेत. मात्र ती मोजणी करासाठी होती, आणि करासाठी मोजलं की माणसं लपतात, हेही तितकंच जुनं. थॉमस कोट्सने पुण्याजवळच्या लोणी गावाचा घरोघरचा तपशील घेतला, तो १८२३ मध्ये छापला गेला. कर्नल साइक्सने दख्खनच्या जिल्ह्यांची आकडेवारी गोळा केली आणि पुढे तो लंडनच्या स्टॅटिस्टिकल सोसायटीचा अध्यक्ष झाला. आणि माल्थस? १७९८ च्या निबंधासाठी आपण त्याला ओळखतो. पण १८०५ पासून मरेपर्यंत तो हेलीबरीच्या कॉलेजात ईस्ट इंडिया कंपनीच्या होतकरू अधिकाऱ्यांना शिकवत होता. दुष्काळात काय करायचं आणि काय करायचं नाही, याबद्दलच्या त्यांच्या कल्पना कुठल्या वर्गात घडल्या हे लक्षात ठेवण्याजोगं आहे.

मुंबईच्या १८६४ च्या शिरगणतीत ८,१६,५६२ माणसं भरली. १८७२ मध्ये ६,४४,४०५. आठ वर्षांत पावणेदोन लाख माणसं गेली कुठे? मेली नाहीत. अमेरिकेतल्या यादवीमुळे कापसाला सोन्याचा भाव आला होता, तेव्हा मुंबई भरली. १८६५ मध्ये यादवी संपली, भाव कोसळले आणि कोकणातली, घाटावरची माणसं आपापल्या गावी परतली. जन्म, मृत्यू, स्थलांतर या तीन वाटांपैकी तिसरी वाट मोजायला सगळ्यांत अवघड, आणि मुंबई-नाशिकसारख्या भागात तीच सगळ्यांत मोठी.

१८८१ पासून दर दहा वर्षांनी देशभर एकाच वेळी जनगणना होऊ लागली. त्या साखळीत १९२१ चा मणी वेगळा दिसतो. १९११ ते १९२१ या दशकात देशाची लोकसंख्या घटली, आजच्या महाराष्ट्राच्या हद्दीत तर २.९ टक्क्यांनी. १८९६ पासूनचा प्लेग, दुष्काळ, आणि त्यावर १९१८ चा इन्फ्लुएन्झा. त्या साथीत देशात किती माणसं गेली याचे अंदाज सव्वा कोटीपासून पावणेदोन कोटींच्या आसपास फिरतात. हा फरक का पडतो, नोंदच न झालेली मरणं दोन जनगणनांच्या मधून कशी शोधून काढतात, हे शिकताना विद्यार्थ्याला पहिल्यांदा कळतं की हे शास्त्र बेरजेचं कमी आणि तपासाचं जास्त आहे.

पाश्चात्त्य देशांत या शास्त्राची औपचारिक शाखा विमा कंपन्यांच्या आणि गणितज्ञांच्या हातून वाढली. ऑयलरने १७६० मध्ये मांडलेली कल्पना आल्फ्रेड लोटकाने विसाव्या शतकात पूर्ण केली. जनन आणि मर्त्यतेचे दर दीर्घकाळ स्थिर राहिले, तर मूळची वयरचना कशीही असो, अखेरीस ती एका ठरावीक आकारात येते. लोटका स्वतः न्यूयॉर्कच्या एका विमा कंपनीत नोकरीला होता. वयोगट एकेक पायरी पुढे सरकवत भविष्यातली लोकसंख्या काढण्याची रीत एडविन कॅननने १८९५ मध्ये वापरली. तिला मॅट्रिक्सचं रूप दिलं पॅट्रिक लेस्लीने १९४५ मध्ये. त्याच्यापुढचा प्रश्न होता उंदरांच्या संख्येचा. माणसांना ते गणित जसंच्या तसं लागू पडलं, यात अपमान वाटून घेण्याचं कारण नाही.

या शाखेची एक गृहीत अट होती : जन्म-मृत्यूंच्या नोंदी पूर्ण आहेत. स्वीडनमध्ये होत्या. आपल्याकडे नव्हत्या. म्हणून या शास्त्राची दुसरी मोठी शाखा, अप्रत्यक्ष अंदाजांची, आपल्यासारख्या देशांसाठी आणि काही अंशी आपल्याच देशात जन्मली. सी. चंद्रशेखरन आणि डब्ल्यू. एडवर्ड्‌स डेमिंग यांनी १९४९ मध्ये एक छोटा लेख छापला. त्यासाठी आकडे होते बंगालमधल्या सिंगूर आरोग्य केंद्राच्या परिसराचे. त्यांचा प्रश्न असा : गावच्या नोंदवहीत जन्म सुटतात, घरोघर जाऊन विचारलं तरी सुटतात, मग दोघांनाही न सापडलेले जन्म किती? समजा नोंदवहीत ८० जन्म आहेत, पाहणीत ९० आणि दोन्हींत सामाईक ७२. पाहणीला सापडलेल्या ९० पैकी ७२ नोंदवहीत होते, म्हणजे नोंदवही दर दहांतले आठ पकडते. मग तिचे ८० म्हणजे एकूण १००. दोन्ही याद्यांत मिळून ९८ सापडले, दोन कुणालाच सापडले नाहीत. जे कुणीच पाहिलं नाही ते मोजण्याची ही युक्ती. अट एकच, दोन्ही मोजण्या एकमेकींपासून स्वतंत्र हव्यात. पाहणी करणारा आधी ग्रामसेवकाकडे जाऊन यादी बघून आला की सगळं मुसळ केरात. देशाची नमुना नोंदणी पद्धती १९७० च्या सुमारास पूर्ण प्रमाणात सुरू झाली, ती याच दुहेरी नोंदीच्या तत्त्वावर, आणि आजही जन्मदर-मृत्युदराचे आपले विश्वासार्ह वार्षिक आकडे तिथूनच येतात.

दुसरं नाव विल्यम ब्रास. आफ्रिकेतल्या आकडेवारीवर काम करताना साठच्या दशकात त्याने दाखवलं की बाईला दोनच प्रश्न विचारले तरी बालमृत्यूचा बऱ्यापैकी अंदाज येतो : आजवर किती मुलं झाली आणि त्यांतली किती हयात आहेत. विशी ते चोविशीतल्या बायांच्या उत्तरांवरून दोन वर्षांच्या आतले मृत्यू, पंचविशी ते एकोणतिशीतल्यांच्या उत्तरांवरून तीन वर्षांच्या आतले, असं गणित बसतं. फार सुंदर पद्धत आहे, आणि तिच्यातही तीच ठसठस : ज्या आया स्वतःच गेल्या, त्यांना कुणी विचारलं नाही. त्यांची मुलं जास्त मेली असणार, आणि ती ना अंशात आहेत ना छेदात.

वयाचा प्रश्न तर आपल्याकडे कायमचा. खेड्यातल्या आजीला वय विचारलं की ‘असेल पन्नास-साठ’ असं उत्तर येतं. म्हणून वयांच्या तक्त्यात शून्य आणि पाच या अंकांवर उंच मनोरे उभे राहतात, आणि ते मनोरे मोजायला व्हिपल आणि मायर्स यांचे निर्देशांक आहेत. पण निर्देशांक आजार सांगतो, औषध देत नाही. औषध आहे प्रगणकाच्या हातातलं घटनांचं कॅलेंडर. आजीला वय ठाऊक नसतं, पण पानशेत फुटलं तेव्हा ती शाळेत जात होती की नव्हती हे आठवतं. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला गेली तेव्हा थोरला पोटात होता की कडेवर, सुकडी त्याला भरवली की स्वतः खाल्ली, हेही सांगता येतं. १२ जुलै १९६१ आणि १९७२ या दोन खुंट्यांना बांधलेलं वय ‘असेल साठ’पेक्षा कितीतरी पक्कं असतं. प्रगत पद्धतींच्या पुस्तकात हे कशाला, असं एखाद्या परीक्षकाला वाटेल. माझं मत असं की कुठल्याही संगणकी दुरुस्तीपेक्षा हा अर्धा तास जास्त कामाचा.

महाराष्ट्रात या शास्त्राची दोन माहेरघरं. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेत वि. म. दांडेकर आणि कुमुदिनी दांडेकर यांनी पुणे जिल्ह्यातल्या जनन-मर्त्यतेची पाहणी केली, ती १९५३ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यानंतर नी. वि. सोवनी आणि कुमुदिनी दांडेकर यांनी नाशिक, कुलाबा आणि उत्तर सातारा या जिल्ह्यांची जननपाहणी १९५५ मध्ये छापली. म्हणजे सत्तर वर्षांपूर्वी, सर्वेक्षणांचा आंतरराष्ट्रीय उद्योग उभा राहायच्या आधी, आपल्या जिल्ह्यातल्या बायकांना कुणीतरी नीट बसून लग्नाचं वय, बाळंतपणं, गेलेली मुलं विचारली होती. नाशिकच्या किती प्राध्यापकांनी तो अहवाल उघडून पाहिला असेल, कोण जाणे. कुमुदिनीबाईंचं नाव आपल्याकडे अर्थशास्त्राच्या वर्तुळाबाहेर फारसं गेलं नाही, ही गोष्ट मला खटकते.

दुसरं माहेर मुंबईत देवनारला. १९५६ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघ, भारत सरकार आणि टाटा ट्रस्ट यांच्या मदतीने स्थापन झालेली ही संस्था आज आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था म्हणून ओळखली जाते. आशिया-आफ्रिकेतले विद्यार्थी इथे शिकून गेले. १९९२-९३ पासूनच्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहण्या तिनेच चालवल्या. पहिल्या पाहणीत महाराष्ट्राचा एकूण जननदर, म्हणजे एका बाईमागची सरासरी मुलं, २.९ होता, २०१९-२१ च्या पाचव्या पाहणीत १.७. एका पिढीत घडलेला एवढा मोठा सामाजिक बदल आपल्या साहित्यात आणि राजकारणात मात्र अजून पुरता पोचलेला नाही. आजही सभेत ‘लोकसंख्येचा विस्फोट’ हा शब्द टाळ्या घेतो.

तिसरा प्रवाह संस्थांपेक्षा गावात राहून मोजणाऱ्यांचा. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांनी १९८८ मध्ये गावोगावी मृत्यू मोजायला सुरुवात केली, तेव्हा अर्भक मृत्युदर हजारी १२१ निघाला. नवजात बाळ गेलं तर बऱ्याच घरांत त्याची नोंद सोडाच, चर्चाही होत नसे. त्यांनी आधी मोजणी नीट केली आणि मगच घरच्या घरी नवजात बाळाची काळजी घेण्याचा प्रयोग उभा केला. ‘कोवळी पानगळ’ या अहवालाने पुढे दाखवलं की राज्यातले प्रत्यक्ष बालमृत्यू सरकारी नोंदींपेक्षा कितीतरी जास्त आहेत. ही आकडेमोड सरकारला झोंबली, कारण तिचा छेद पक्का होता.

आकड्यांचा दुसरा चेहराही इथे सांगायला हवा. १९७६ मध्ये, आणीबाणीत, महाराष्ट्र विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर केलं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते कायद्याच्या पुस्तकात आलं नाही. त्यामागे वाढीच्या दरांचे तक्ते होते, आणि ते तक्ते करणारे लोक मूर्ख नव्हते. एका दशकाचा वृद्धिदर पुढे सरळ रेषेत ताणला की कुणालाही घाम फुटतो. तो ताणू नये, हे शिकवणं हा प्रगत पद्धतींचा एक नैतिक उपयोग आहे. या पुस्तकात त्यावर वेगळं प्रकरण नाही. प्रक्षेपणाच्या प्रत्येक उदाहरणात गृहीतकं मात्र पहिल्या ओळीत लिहिली आहेत, ती त्याचसाठी.

संक्रमणाचा सिद्धान्त, म्हणजे आधी मृत्युदर घसरतो, मग जन्मदर, आणि मधल्या काळात लोकसंख्या वाढते, हा बहुतेकांना ठाऊक असतो. थॉम्पसन, लँड्री, नोटस्टीन यांच्या नावांवर तो सांगितला जातो. त्याच्या पुढे झालेलं काम जास्त रंजक आहे. जननदर दोनाच्या खाली गेला तरी लोकसंख्या पुढची कित्येक वर्षं का वाढत राहते, याचं गणित नेथन कीफिट्झने १९७१ मध्ये मांडलं : कालची जास्त मुलं आज आईबाप झालेली असतात. जॉन बोंगार्ट्‌सने जननदराचं कारण लग्न, गर्भनिरोधन, गर्भपात, स्तनपान अशा जवळच्या घटकांत वाटून दाखवलं. पुढे ग्रिफिथ फीनीबरोबर त्याने असंही दाखवलं की बायका मुलं नाकारत नसून फक्त पुढे ढकलत असतील, तरी त्या वर्षांचा दर खोटा खाली दिसतो. कॉक्सच्या १९७२ च्या पद्धतीमुळे पहिलं मूल, नोकरी, घर सोडणं अशा आयुष्यातल्या घटनांचा काळ मोजता येऊ लागला, आणि ज्यांच्या बाबतीत घटना अजून घडलेलीच नाही अशी माणसंही छेदात ठेवता आली. आंद्रेई रॉजर्सने प्रदेशाप्रदेशांतलं येणं-जाणं एकाच मॅट्रिक्समध्ये बांधलं.

हे शेवटचं आपल्या कामाचं. २००१ ते २०११ मध्ये राज्य सोळा टक्क्यांनी वाढलं, त्याच दशकात रत्नागिरी जिल्हा ४.८ टक्क्यांनी आणि सिंधुदुर्ग २.२ टक्क्यांनी घटला. मुंबई शहर जिल्हाही घटला, पण त्याचं कारण अगदी निराळं : गिरण्यांच्या जागी मनोरे आले, माणसं उपनगरांत आणि ठाण्याकडे सरकली. पेठ-सुरगाण्यातून द्राक्षांच्या मळ्यांत येणारी कुटुंबं, बीडमधून कोयता घेऊन निघणारी जोडपी, ही माणसं वर्षाचे काही महिने एका छेदात आणि काही महिने दुसऱ्या छेदात असतात. त्यांच्या मुलांचं लसीकरण, शाळा, रेशन सगळं या दोन्हींच्या फटीत पडतं. बीडचं बाल-लिंगगुणोत्तर २०११ मध्ये हजारामागे ८०७ निघालं तेव्हा राज्य हादरलं. त्या आकड्याची मुळं शोधायला निघालेल्याला दवाखान्यातल्या जन्मनोंदी, स्थलांतर आणि सोनोग्राफीचा काळाबाजार, तिन्ही एकत्र पाहावे लागतात. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशातला पहिला कायदा आपल्याच राज्याने १९८८ मध्ये केला होता, हे आठवलं की आणखी त्रास होतो.

अगदी अलीकडचं काम अनिश्चितता उघडपणे सांगण्याचं आहे. संयुक्त राष्ट्रांची प्रक्षेपणं आता नुसता एक आकडा न देता शक्यतांचा पट्टाही देतात. भारताने चीनला मागे टाकल्याची २०२३ मधली बातमी अशाच गणितावर उभी होती, आणि त्या गणिताखालची आपली शेवटची जनगणना २०११ ची. कोविडच्या काळात ‘अपेक्षेपेक्षा जादा मृत्यू’ ही कल्पना घरोघर पोचली. २०२०-२१ साठी अधिकृत आकडा सुमारे ४.८ लाख, जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज ४७ लाख, आणि भारत सरकारचा त्या पद्धतीलाच आक्षेप. या वादात कुणाची बाजू घ्यायची हे वाचकाने ठरवावं. वाद कुठल्या पायरीवर होता हे ओळखता आलं पाहिजे, एवढं हे पुस्तक मागतं.

या विषयाचं मराठी पुस्तक आत्ताच का, याचं कारण कॅलेंडरवर आहे. २०२१ ची लांबलेली जनगणना १६ जून २०२५ च्या अधिसूचनेने १ मार्च २०२७ या संदर्भतारखेवर आली, आणि १९३१ नंतर प्रथमच सर्व जातींच्या मोजणीसह. लोकसभेच्या जागांचं राज्यवार वाटप १९७१ च्या लोकसंख्येवर गोठवलेलं होतं, ती मुदत घटनादुरुस्तीने २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेशी जोडली गेली. अन्नसुरक्षा कायद्याखालचे राज्यातले सुमारे सात कोटी लाभार्थी ठरले ते २०११ च्या लोकसंख्येवर. तेव्हा जन्मलेलं मूल आज दहावी ओलांडतंय. २०११ च्या जनगणनेतून हजारी २३ माणसं सुटली होती, हे सरकारच्याच पश्चात-तपासणीने सांगितलं. ही सुटलेली माणसं सगळ्या गटांत सारखी विखुरलेली नसतात, तेव्हा जातवार आकडे हातात आले की पहिलं भांडण याच मुद्द्यावर होणार. नाशिककरांना आणखी एक गंमत : २०२७ हेच सिंहस्थाचं वर्ष. पर्वण्या पावसाळ्यातल्या, मोजणी फेब्रुवारीतली, म्हणून यात्रेकरूंची गर्दी जनगणनेत येणार नाही. पण तिच्या तयारीसाठी आलेले मजूर कुठे मोजायचे हा प्रश्न प्रगणकांना पडेलच. कॅन्टोन्मेंटांचा नागरी भाग लगतच्या स्थानिक संस्थांत मिसळण्याचं केंद्राचं धोरणही मधल्या काळात आलं. हद्द बदलली की आधीच्या सगळ्या आकड्यांशी तुलना नव्याने जुळवावी लागते, आणि ते जुळवणारा माणूस गावातलाच असलेला बरा.

हे पुस्तक अशा माणसासाठी आहे. पदव्युत्तर विद्यार्थी डोळ्यांपुढे आहेतच. त्यांच्याबरोबर तालुका आरोग्य अधिकारी, जिल्हा सांख्यिकी कार्यालयातले सहायक, पत्रकार, आणि ग्रामसभेत आकडे वाचणारे कार्यकर्तेही आहेत. म्हणून प्रत्येक पद्धत आधी एका मराठी गावातल्या किंवा शहरातल्या पेचातून उभी केली आहे आणि सूत्र त्यानंतर आलं आहे. शब्दांबाबत हट्ट धरलेला नाही. ‘जननदर’, ‘वयरचना’ हे रुळलेले शब्द ठेवले, पण ‘कोहोर्ट’ला कुणी न वापरलेला संस्कृत शब्द शोधत बसलो नाही. स्थलांतराचा भाग सर्वांत तोकडा आहे, कारण हंगामी येण्या-जाण्याची तालुकावार आकडेवारी आपल्याकडे जवळजवळ नाही. तिथे पद्धती सांगितल्या आहेत, निष्कर्ष सांगितलेले नाहीत. ऐतिहासिक लोकसंख्याशास्त्राला, म्हणजे पेशवे दप्तर आणि चर्चच्या नोंदवह्यांतून कुटुंबं जुळवण्याला, वेगळं पुस्तक लागेल, म्हणून ते इथे फक्त वाटेत भेटतं.

बीजगणित बारावीपर्यंतचं पुरेल. मॅट्रिक्सची धास्ती असलेल्यांनी लेस्ली आणि रॉजर्सचा भाग पहिल्या वाचनात सोडला तरी पुढचं अडत नाही. बेझच्या पद्धतींसाठी संगणक लागेल, त्याची उदाहरणं मोफत मिळणाऱ्या सॉफ्टवेअरवर केली आहेत. जीवनसारणी मात्र प्रत्येकाने एकदा हाताने मांडावी, वहीत रकाने आखून, आपल्याच तालुक्याच्या आकड्यांवर. कॅल्क्युलेटर चालेल.